तेलावरचे अवलंबित्व आणि एका पिंपाचा हिशेब

प्रश्न असा आहे: भारतासारख्या देशाने ऊर्जेसाठी खनिज तेलावर अवलंबून राहण्याचे फायदे कोणते, तोटे कोणते, आणि पेट्रोलची स्कूटर विकून विजेवरची घेतली तर देशाच्या तेल आयातीत खरोखर काही फरक पडतो का? माझी नोकरी रिफायनरीच्या उत्पादन-नियोजन विभागात गेली. कोणत्या जातीचे क्रूड, म्हणजे कच्चे तेल, घ्यायचे, त्यातून काय किती काढायचे आणि ते कुठे पाठवायचे, हा तिथला रोजचा विषय असतो. उत्तरही त्याच अंगाने देतो, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चेत ही बाजू येतच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण ‘तेल’ म्हणतो तेव्हा एका इंधनाबद्दल बोलत नसतो. कच्च्या तेलाच्या एका पिंपातून स्वयंपाकाचा गॅस, नाफ्था (रसायनांच्या कारखान्यांत लागणारा हलका द्रव), पेट्रोल, विमानाचे इंधन, रॉकेल, डिझेल, फर्नेस ऑइल, डांबर आणि पेटकोक असा सगळा संच एकाच वेळी बाहेर पडतो. यांतल्या प्रत्येकाला पर्याय मिळण्याची शक्यता वेगळी आणि पर्यायाची किंमतही वेगळी. त्यामुळे तेल चांगले की वाईट, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येक वापर सुटा करून पाहावा लागतो. तसे पाहिले की काही ठिकाणी तेल सोडणे आजच परवडते आणि काही ठिकाणी ते पुढची कित्येक वर्षे सोडता येणार नाही, हे स्पष्ट होते.

फायद्यांपैकी सर्वांत मोठा फायदा एका उदाहरणाने सांगतो. मालवाहू ट्रकच्या टाकीत ३०० लिटर डिझेल भरले, तर त्याचे वजन सुमारे अडीचशे किलो होते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, म्हणजे त्या टाकीत ३,००० युनिट साठलेले असतात. इंजिन त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते आणि चाकांपर्यंत हजार-अकराशे युनिटच पोहोचतात. तरीही ट्रक मुंबईहून निघून वाटेत न भरता नागपूर गाठतो. तेवढीच उपयुक्त ऊर्जा आजच्या लिथियम बॅटरीतून घ्यायची, तर बॅटरीचेच वजन सात-आठ टन होते आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. पंपावर ३०० लिटर भरायला दहा मिनिटे लागतात असे धरले, तर त्या नळीतून ऊर्जा वाहण्याचा वेग सुमारे १८ मेगावॉट, म्हणजे १८ हजार किलोवॉट भरतो. मोटारींसाठीचे बरेचसे जलद चार्जर ६० ते १२० किलोवॉटचे असतात, हे लक्षात घेतले की पेट्रोल पंप हे किती असामान्य यंत्र आहे, याची कल्पना येते.

दुसरा फायदा साठवणुकीचा. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते, किंवा मोठा खर्च करून साठवावी लागते. डिझेल साध्या पोलादी टाकीत, नेहमीच्या तापमानाला, कोणताही दाब न देता अनेक महिने टिकते. पूर आला, तारा तुटल्या, खांब कोसळले, तरी रुग्णालयाचा जनरेटर डिझेलवर चालतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची वीजयंत्रणा पार मोडून पडली. अनेक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली, तेव्हा पाण्याचे पंप आणि मोबाइलचे मनोरे चालू ठेवण्यासाठी आधार होता तो डिझेलचाच. ऊर्जेच्या नियोजनात या गुणाची किंमत कुणी मांडत नाही, पण संकटात ती सगळ्यांना कळते.

तिसरा फायदा घरात आहे. चुलीच्या धुरापासून स्वयंपाकघराची सुटका पेट्रोलियम पदार्थांनी केली. आधी रॉकेलच्या स्टोव्हने थोडी आणि मग गॅसच्या सिलिंडरने पुष्कळ. २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून सुमारे दहा कोटी जोडण्या दिल्या गेल्या. दुसरा सिलिंडर भरणे अनेक घरांना परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण बायकांच्या फुप्फुसांना दिवसभर मिळणारा धूर जिथे कमी झाला, तिथे तो याच खनिज इंधनाने कमी झाला. तेलाविरुद्ध बोलताना हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

आता पिंपाच्या हिशेबाकडे येतो, कारण स्कूटरच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दही घुसळले की लोणी आणि ताक दोन्ही येणारच, लोणी तेवढे हवे आणि ताक नको असे म्हणता येत नाही. क्रूडचेही तसेच आहे. ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यात ते तापवून सोडले की हलके भाग वर जातात, जड भाग खाली राहतात, आणि त्यांचे प्रमाण बऱ्याच अंशी क्रूडच्या जातीवर ठरते. जड भाग फोडून हलके करणारी यंत्रे असतात. त्यांच्या साहाय्याने प्रमाण काही टक्क्यांनी इकडेतिकडे करता येते, पण मनाला येईल तसे बदलता येत नाही. भारतातल्या रिफायनऱ्यांमधून निघणाऱ्या उत्पादनात डिझेलचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक असतो, पेट्रोलचा सतरा टक्क्यांच्या आसपास आणि स्वयंपाकाच्या गॅसचा जेमतेम पाच टक्के.

याच्याशेजारी देशाचा खप ठेवून पाहा. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे २३.४ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ वापरले. त्यात डिझेल जवळपास ९ कोटी टन, पेट्रोल सुमारे ३.७ कोटी टन आणि स्वयंपाकाचा गॅस सुमारे ३ कोटी टन होता. म्हणजे खपात डिझेल एकटेच अडतीस टक्के आहे. देशाने किती क्रूड शुद्ध करायचे हे मुख्यतः डिझेल ठरवते. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, मासेमारीच्या यांत्रिक नौका, बांधकामावरची यंत्रे यांना लागणारे डिझेल काढायचे म्हटले की त्यासोबत पेट्रोल निघतेच, कुणी ते वापरो वा न वापरो.

समजा, उद्या देशातल्या सगळ्या दुचाकी विजेवर गेल्या. पेट्रोलची मागणी मोठ्या प्रमाणात घटेल, कारण आपल्याकडच्या पेट्रोलचा मोठा भाग दुचाकीच वापरतात. पण ट्रक तसेच राहिले, तर रिफायनरी तेवढेच क्रूड घेत राहील आणि उरलेले पेट्रोल निर्यात करील किंवा त्यातला काही भाग नाफ्थाच्या रूपात प्लास्टिक-रसायनांच्या कारखान्यांकडे वळवील. निर्यातीतून परकीय चलन मिळते, म्हणून देशाचा डॉलरचा निव्वळ खर्च कमी होतो, हा लाभ खराच. मात्र बंदरात येणाऱ्या टँकरची संख्या त्या प्रमाणात घटत नाही. इतर देशांतही पेट्रोलची मागणी उतरू लागली, तर निर्यातीचा भावही उतरेल. तेलावरचे अवलंबित्व कमी करायचे असेल, तर डिझेल कमी झाले पाहिजे. आपली सारी जाहिरातबाजी आणि अनुदानाची बरीचशी चर्चा मात्र स्कूटर आणि मोटारीभोवती फिरते.

एका गैरसमजाबद्दलही लिहितो. सौर प्रकल्प वाढले म्हणजे तेलाची आयात कमी झाली, असे अनेकजण धरून चालतात. भारतात तेलापासून वीज जवळजवळ तयारच होत नाही, ती मुख्यतः कोळशापासून होते. त्यामुळे सौर पॅनेल बसवल्याने आज कोळसा वाचतो, तेल वाचत नाही. ती वीज रेल्वेच्या इंजिनात, बसच्या बॅटरीत किंवा घरातल्या शेगडीत जाईल तेव्हाच तेल वाचेल.

तेलापासून वीज करू नये, हा धडा महाराष्ट्राने फार महागात घेतला आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला, तो नाफ्थावर. नैसर्गिक वायू पुढे येणार होता. नाफ्थाचा भाव आंतरराष्ट्रीय बाजारातल्या क्रूडला बांधलेला आणि त्याची किंमत डॉलरमध्ये. पुढच्याच वर्षी तेल वधारले, रुपया घसरला, आणि काही महिन्यांत त्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्याही पुढे गेला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने २००१ च्या मे महिन्यात ती वीज घेणे थांबवले. करारातल्या अटी, राजकारण, भ्रष्टाचाराचे आरोप यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. इंधनाच्या दृष्टीने पाहिले, तर जिथे स्वस्त पर्याय हाताशी होता, तिथे पिंपातला एक महागडा घटक जाळायचे ठरवले गेले. नाफ्थाची खरी किंमत रसायनांच्या कारखान्यात मिळते, बॉयलरखाली नाही.

आता आयातीकडे वळतो. तोट्यांपैकी मला सर्वांत गंभीर वाटणारा तोटा हाच आहे.

१९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजावरून खोदलेल्या विहिरीला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. तेल लागण्याच्या काही महिने आधी, म्हणजे १९७३ च्या अखेरीस, तेल उत्पादक अरब देशांच्या बंदीमुळे पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला होता. त्या पार्श्वभूमीवर या शोधाचे मोल काय होते, ते त्या पिढीलाच ठाऊक. १९८० च्या दशकाच्या मध्यात देशाच्या गरजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल देशातच निघत होते. तेव्हाचे वार्षिक उत्पादन सुमारे ३ कोटी टन होते आणि आजही ते ३ कोटी टनांच्या किंचित खालीच आहे. मधल्या काळात खप मात्र सहा पटींच्या जवळ गेला. तेलक्षेत्र म्हातारे होते. दाब घटतो, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत जाते, पाणी आणि वायू आत दाबून उरलेले तेल वर ढकलावे लागते. मुंबई हायमधले उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमले. अशा उपायांनी घसरण थोपवता येते, काही प्रमाणात उलटवताही येते, पण त्यातून खपाची बरोबरी होणार नाही. आज आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक क्रूड बाहेरून येते.

याचा अर्थ रोजच्या भाषेत सांगतो. देशात दररोज पन्नास लाख पिंपांहून अधिक तेल लागते. सर्वांत मोठ्या जातीचा टँकर साधारण वीस लाख पिंपे आणतो. म्हणजे असे दोन-अडीच टँकर दररोज, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, कुठल्या ना कुठल्या बंदराला लागले पाहिजेत. त्यांतले बरेचसे इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतात. जगाच्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश त्या चिंचोळ्या वाटेने जाते. २०२२ नंतर रशियन तेलाचा वाटा अत्यल्पावरून एक तृतीयांशाच्या पुढे गेला. त्यामुळे आखातावरचा भार थोडा हलका झाला, पण राजकीय अडचणींचे नवे दार उघडले. विक्रेता बदलल्याने अवलंबित्व सुटत नाही.

भावाचा हिशेबही साधा आहे. वर्षाला २३ कोटी टनांहून अधिक क्रूड आयात होते, म्हणजे सुमारे १७० कोटी पिंपे. पिंपामागे एक डॉलर वाढला, की वर्षाच्या बिलात सुमारे १७० कोटी डॉलरची भर पडते. निर्यात होणारी उत्पादने वजा केली, तर बोजा याहून कमी भरतो, पण नाहीसा होत नाही. आणि भाव एकेका डॉलरने हलत नाहीत. २००८ च्या जुलैत पिंप १४७ डॉलरपर्यंत गेले आणि वर्ष संपण्याआधी चाळीसच्या खाली आले. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वायदेबाजारात एक दिवस भाव शून्याच्याही खाली उतरला. दोन वर्षांनी युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तो पुन्हा १३० डॉलर ओलांडून गेला. इतक्या अस्थिर वस्तूवर वाहतूक, शेती आणि स्वयंपाक उभा असेल, तर अर्थसंकल्पातले आकडे टिकतील कसे?

१९९० ची गोष्ट तर कोकणातल्या पुष्कळ घरांना आठवत असेल. इराकने ऑगस्टमध्ये कुवेतवर आक्रमण केले, तेलाचे भाव भडकले आणि त्याच वेळी तिथे काम करणारे भारतीय नोकऱ्या सोडून परत येऊ लागले. एअर इंडियाने अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार लोकांना मायदेशी आणले. रत्नागिरी, रायगडच्या गावांत दरमहा येणारी रक्कम थांबली आणि त्याच महिन्यांत रॉकेल-डिझेल महागले. आयातीचे बिल वाढले, बाहेरून येणारा पैसा आटला, आणि १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. त्या संकटाची कारणे अनेक होती, वर्षानुवर्षे साचलेली तूट हे त्यांतले मोठे कारण. पण शेवटचा धक्का तेलाचा होता.

यावर उपाय म्हणून विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे खडकात खोदलेल्या गुहांमध्ये क्रूडचा राखीव साठा केला जातो. तिन्हींची क्षमता मिळून ५३ लाख ३० हजार टन आहे. गुहा पूर्ण भरलेल्या असल्या, तरी देशाला तो साठा सुमारे साडेनऊ दिवस पुरतो. कंपन्यांच्या टाक्यांतले तेल धरले तर मुदत बरीच वाढते. स्वयंपाकाच्या गॅसची स्थिती याहून नाजूक आहे. पिंपातून जेमतेम पाच टक्के गॅस निघतो आणि खपात त्याचा वाटा बारा टक्क्यांहून अधिक असतो, म्हणून साठ टक्क्यांच्या आसपास गॅस थेट आयात करावा लागतो, आणि तो मुख्यतः आखातातून. देशाची रोजची गरज सुमारे ८० हजार टन आहे. विशाखापट्टणमची गॅससाठीची गुहा ६० हजार टनांची, मंगळुरूची नवी गुहा ८० हजार टनांची. दोन्ही मिळून दोन दिवसांचाही पुरवठा होत नाही. क्रूडच्या साठ्याबद्दल संसदेत प्रश्न विचारले जातात, गॅसच्या साठ्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. याची मला काळजी वाटते, कारण ट्रक दोन दिवस थांबू शकतो, चूल थांबू शकत नाही.

किंमत आणि कर हा वेगळाच गुंता आहे. पेट्रोल आणि डिझेल अजून वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. केंद्राचा उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर त्यांवर स्वतंत्रपणे लागतो. पेट्रोलियम क्षेत्राकडून केंद्र आणि राज्ये यांना मिळून वर्षाला सुमारे साडेसात लाख कोटी रुपये मिळतात. ग्राहक तेलावर अवलंबून आहे तसे सरकारही आहे, आणि खप घटला तर ही पोकळी कशी भरायची याची तयारी आजपासून करावी लागेल. अनुदानाचा काळ याच्या उलट होता. तेव्हा रेशनचे रॉकेल इतके स्वस्त आणि डिझेल इतके महाग होते की भेसळ हा मोठा धंदा झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ, तेलाच्या डेपोंच्या परिसरात, भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. गुन्हेगारांचा दोष त्याने तसूभरही कमी होत नाही, पण एकाच टँकरमध्ये सहज मिसळतील अशा दोन द्रवांच्या भावात इतकी मोठी तफावत ठेवणारे धोरण वर्षानुवर्षे चालले होते, हेही नोंदवले पाहिजे. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, रॉकेलचा वापर झपाट्याने कमी झाला आणि त्या धंद्याचा पाया ढासळला.

पर्यावरणाच्या तोट्याबद्दल लोकांना बरेच माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारताच्या उत्सर्जनात कोळशाचा वाटा तेलापेक्षा बराच मोठा आहे, पण शहरात श्वासाच्या उंचीवर धूर सोडणारे इंधन तेलच आहे. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले आणि इंधनातल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. रिफायनऱ्यांनी त्यासाठी मोठी गुंतवणूक केली आणि ते काम ठरलेल्या मुदतीत झाले, याचा त्या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला अभिमान वाटतो. तरी जिथे तेल उतरते, साठते आणि शुद्ध होते, त्या जागेचा भार बाकीच्यांना दिसत नाही. चेंबूरजवळच्या माहुल गावाच्या हवेचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली, शेकडो टन इंधन तेल खाडीत पसरले, खारफुटी काळवंडली आणि कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे वाहून येतात, ते भर समुद्रात जहाजांनी सोडलेल्या किंवा सांडलेल्या तेलाचे असतात. कोणत्या जहाजाने सोडले ते बहुधा सिद्ध होत नाही आणि साफसफाई स्थानिकांच्या वाट्याला येते.

राजापूर तालुक्यातल्या वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या प्रस्तावित रिफायनरीचा वाद याच संदर्भात पाहावा. आधी ठरलेल्या नाणारच्या जागेसाठीची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे मोठे आंदोलन झाले. विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणणे मला मान्य नाही. आंबा, मासळी आणि कातळशिल्पे यांच्याबद्दलची त्यांची भीती निराधार नव्हती. माझा स्वतःचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रिफायनरी उभी राहिली की तिचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचे असते. डिझेलचा खप त्या काळात टिकेल असे गृहीत धरून एवढे भांडवल एका जागी गुंतवायचे का, याचे समाधानकारक उत्तर मला त्या चर्चेत मिळाले नाही.

इथेनॉलचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर बोलता येणार नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. साखर कारखान्यांना त्यामुळे रोख पैसा मिळू लागला आणि शेतकऱ्यांची उसाची थकबाकी कमी व्हायला मदत झाली. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि अॅव्हरेज थोडे उतरते. शिवाय हे इंधन पावसावर अवलंबून आहे. २०२३ चा पाऊस कमी पडल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि कारखान्यांचे नियोजन एका रात्रीत कोलमडले. मराठवाड्यासारख्या तहानलेल्या भागात उसाचे क्षेत्र वाढवून पेट्रोल वाचवणे म्हणजे परकीय चलनाच्या बदल्यात भूजल देणे होय, आणि हा सौदा मला पटत नाही. तशात इथेनॉल पेट्रोलची जागा घेते, डिझेलची नाही, म्हणजे पिंपाचा प्रश्न तिथेच राहतो.

मग डिझेल कमी कसे करायचे? सर्वांत खात्रीचा मार्ग रेल्वेचा आहे. लोखंडी रुळावर तोच माल नेण्यासाठी रस्त्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक गाडीवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेते, आणि २०२२ पासून तो मार्ग विजेवर चालतो. म्हणजे घाटातून धूर ओकत जाणारा ट्रक विजेवर सरकतो, आणि त्यासाठी बॅटरी लागत नाही. ही सेवा मला देशातल्या सर्वांत दुर्लक्षित ऊर्जाबचत योजनांपैकी एक वाटते. त्यानंतर शहरातल्या आणि कमी पल्ल्याच्या बस. त्यांचा मार्ग ठरलेला, मुक्कामाची जागा ठरलेली, रात्री आगारात चार्जिंग शक्य. एसटीने सगळ्याच मार्गांवर घाई करण्याऐवजी जिल्ह्यांतर्गत फेऱ्यांपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. लांब पल्ल्याचे ट्रक, ट्रॅक्टर, मासेमारी नौका, जहाजे आणि विमाने यांना डिझेल आणि विमान-इंधन अजून बराच काळ लागेल, आणि मिळालेही पाहिजे. तेलाची घनता जिथे खरोखर कामी येते, ती ही ठिकाणे आहेत.

बॅटरीही आयातच करायची, मग तेलाऐवजी लिथियमची गुलामी का पत्करायची, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप योग्य आहे, कारण बॅटरीच्या साखळीवर आज चीनची पकड आहे. पण दोन्ही अवलंबित्वांत एक मोठा भेद आहे. तेल जळून संपते आणि ते रोज यावे लागते. बॅटरी एकदा आली की आठ-दहा वर्षे चालते. उद्या बॅटरीची आयात थांबली, तर नवी वाहने बनणार नाहीत, पण रस्त्यावरची वाहने धावत राहतील. क्रूड थांबले तर काही आठवड्यांत धावती वाहनेच थांबतील.

आता विचारलेल्या स्कूटरबद्दल. ती जरूर घ्यावी. चालवण्याचा खर्च कमी आहे, गल्लीतली हवा सुधारते आणि देशाचे थोडे परकीय चलनही वाचते. मात्र एकाच घराला एकच बदल करता येणार असेल आणि वीजपुरवठा भरवशाचा असेल, तर स्वयंपाकघरात एक इंडक्शन शेगडी आणावी, असे मी सुचवीन. गॅस पूर्ण सोडण्याची गरज नाही. डाळ-भात, चहा, दूध तापवणे एवढे विजेवर गेले तरी सिलिंडर एरवीपेक्षा बरेच दिवस जास्त जातो. पेट्रोल वाचवले तर रिफायनरीकडे ते शिल्लक राहते आणि बाहेर विकले जाते. गॅस मात्र देशात आधीच अपुरा आहे, म्हणून वाचवलेला प्रत्येक किलो थेट आयातीतून वजा होतो.